एका डोळ्यानं अधू असलेला सर्जन आफ्रिकाभर फिरला आणि लहान मुलांच्या कॅन्सरमागचा व्हायरस सापडला

लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं दोन-तीन वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. ऑपरेशन नीट पार पडलंय, नवं लिव्हर काम करतंय, आईबापांना वाटतंय सुटलो एकदाचे. काही महिन्यांनी बारीक ताप यायला लागतो. टॉन्सिल सुजतात, पोर रात्री घोरतं, मानेला गाठी हाताला लागतात. घरचे म्हणतात सर्दी असेल. ट्रान्सप्लांटचे डॉक्टर मात्र लगेच सोनोग्राफी लिहून देतात, रक्तात एका ठरावीक व्हायरसचं प्रमाण किती आहे ते मोजायला सांगतात आणि शंका वाढली तर सीटी किंवा पेट स्कॅन करतात.

ते ज्या आजाराच्या मागावर असतात त्याचं नाव भलतंच लांब आहे. पोस्ट-ट्रान्सप्लांट लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर. थोडक्यात पीटीएलडी. अवयव बदलल्यानंतर रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढायला लागतात, कधी साध्या सुजेसारख्या, तर कधी थेट कॅन्सरसारख्या. आणि लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा यामागे एपस्टीन-बार नावाचा व्हायरस असतो.

व्हायरसला नाव मिळालं एपस्टीन आणि बार या दोन संशोधकांचं. पण तो ज्या गाठीत सापडला, ती गाठ त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचवणारा माणूस तिसराच होता. तो लॅबमधला नव्हता, व्हायरसतज्ज्ञ तर मुळीच नव्हता. युगांडातल्या सरकारी हॉस्पिटलमधला सर्जन होता आणि त्याला एकाच डोळ्यानं दिसायचं.

त्याचं नाव डेनिस बर्किट.

२८ फेब्रुवारी १९११ ला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या एनिस्किलन गावात डेनिसचा जन्म झाला. वडील जेम्स बर्किट हे जिल्ह्याचे सर्व्हेयर. रस्ते, पूल, जमिनीची मापं हे त्यांचं काम. पण त्यांचा खरा जीव पक्ष्यांमध्ये अडकलेला. बागेतल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायात ते पट्ट्या अडकवायचे आणि कुठला पक्षी कुठल्या झाडापासून कुठल्या कुंपणापर्यंत आपली हद्द मानतो, याचे नकाशे काढायचे. गंमत म्हणजे त्यांना रंग नीट ओळखता यायचे नाहीत, म्हणून रंगीत पट्ट्यांऐवजी वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्या वापरायचे. १९२० च्या दशकात त्यांनी यावर लिहिलेले लेख पक्षीअभ्यासक आजही मानाने सांगतात. घरात असा बाप असल्यावर पोराला कशाचा नकाशा काढावासा वाटेल, हे सांगता येत नाही.

डेनिस ११ वर्षांचा असताना शाळकरी पोरांच्या दगडफेकीत एक दगड त्याच्या चष्म्यावर बसला. काच फुटून डोळ्यात गेली. उजवा डोळा कायमचा गेला आणि तिथे काचेचा डोळा बसला.

पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो इंजिनिअरिंगला गेला. तिथे मन रमेना. धार्मिक वृत्तीचा मुलगा, लोकांची सेवा करायची तर डॉक्टर व्हावं असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने शाखा बदलली. १९३५ मध्ये डॉक्टर, १९३८ मध्ये एडिंबराहून सर्जन. मग आफ्रिकेत काम करायचं म्हणून ब्रिटिशांच्या वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत अर्ज केला, तर एकच डोळा आहे म्हणून नकार. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, असा माणूस पोट कसं उघडणार, ही शंका तशी रास्तच होती. पण दुसऱ्या महायुद्धात सैन्याला सर्जन हवेच होते. बर्किट आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेले, पूर्व आफ्रिकेत आणि सिलोनमध्ये राहिले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये वसाहतीच्या सेवेने त्यांना घेतलं आणि युगांडाला पाठवलं.

पहिली नेमणूक लिरा नावाच्या आडगावातली. तिथे हायड्रोसीलचे पेशंट ढिगाने यायचे. बर्किटांच्या लक्षात आलं की हे पेशंट जिल्ह्याच्या पूर्वेकडूनच जास्त येतात, पश्चिमेकडून फारसे येत नाहीत. दुसऱ्या कुणी ऑपरेशनं उरकून विषय संपवला असता. यांनी मोजणी केली आणि नकाशा काढला. डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या जंतांशी त्याचा संबंध होता. हा त्यांचा पहिला नकाशा.

१९४८ पासून ते कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात होते. तिथे १९५७ मध्ये एक दिवस डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना मुलांच्या वॉर्डात बोलावलं. साधारण पाच वर्षांचा मुलगा. चेहरा ओळखू येत नव्हता. वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजू आणि खालच्या जबड्याच्याही दोन्ही बाजू सुजलेल्या, दात हलत होते. इन्फेक्शन म्हणावं तर ते चारही कोपऱ्यांत एकदम कसं होईल? ट्यूमर म्हणावा तर तो एका जागी सुरू व्हायला हवा. बर्किटांना काहीच सुचलं नाही. त्यांनी मुलाचे फोटो काढून ठेवले.

काही आठवड्यांनी ते जिंजा गावच्या हॉस्पिटलात गेले होते. खिडकीतून बाहेर पाहताना गवतावर आईजवळ बसलेली एक मुलगी दिसली. तसाच चेहरा! ते धावत बाहेर गेले, मुलीला तपासलं. जबड्याच्या गाठी होत्याच, शिवाय पोटातही गाठी लागल्या.

एकदा दिसली तर विचित्र केस म्हणून विसरून जाता येतं. दोनदा दिसल्यावर बर्किटांना राहवेना. त्यांनी हॉस्पिटलची जुनी कागदपत्रं उपसली. कुणाच्या कागदावर जबड्याचा ट्यूमर, कुणाच्या किडनीचा, कुणाच्या ओव्हरीचा. नावं वेगवेगळी, तज्ज्ञ वेगवेगळे. पण एकाच मुलाच्या अंगात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र सापडत होत्या. म्हणजे हे अनेक आजार नव्हतेच, एकच आजार वेगवेगळ्या अवयवांत डोकं वर काढत होता. १९५८ मध्ये त्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत लेख लिहिला. कुणी फारसं ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे मकेरेरे मेडिकल कॉलेजमधल्या पॅथॉलॉजिस्टनी मायक्रोस्कोपखाली पाहून सांगितलं की हा लिम्फोमा आहे, म्हणजे लिम्फोसाइटचाच कॅन्सर. गडद पेशींच्या दाटीत मधे मधे फिकट पेशी, चांदण्या रात्रीच्या आकाशासारखं दृश्य. युगांडातल्या मुलांना होणाऱ्या कॅन्सरपैकी जवळपास निम्मे याच प्रकारचे निघाले.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हा आजार बर्किटांनी सगळ्यात आधी पाहिला असं नाही. कंपालाजवळच्या मेंगो इथल्या मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर अल्बर्ट कुक यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदवह्यांत असे जबडे सुजलेले रुग्ण आहेत. गावोगावच्या आयांनी तर ते त्याआधीही पाहिले असणार. बर्किटांनी केलं ते असं, की सुट्या सुट्या केसेस एका दोऱ्यात ओवल्या.

आता पुढचा प्रश्न. हा आजार नेमका कुठे कुठे होतो?

त्यांनी फोटो छापलेली हजारभर पत्रकं आफ्रिकेतल्या सरकारी आणि मिशन हॉस्पिटलांना पोस्टाने धाडली. असा पेशंट पाहिलाय का, एवढंच विचारलं होतं. उत्तरं आली तशा भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचल्या गेल्या. हळूहळू आफ्रिकेच्या मधोमध, विषुववृत्ताच्या वरखाली, एक पट्टा तयार झाला आणि त्याचं एक शेपूट खाली मोझांबिककडे उतरलेलं दिसलं. पट्ट्याच्या आत असूनही काही जागा कोऱ्या होत्या. युगांडाच्याच नैर्ऋत्येकडचा डोंगराळ किगेझी भाग त्यातला एक.

पट्टा दक्षिणेला नेमका कुठे संपतो, हे पत्रांवरून कळेना. मग बर्किटांनी सेकंडहँड फोर्ड स्टेशन वॅगन घेतली, टेड विल्यम्स आणि क्लिफर्ड नेल्सन या दोन मिशनरी डॉक्टरांना सोबत घेतलं आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये कंपाला सोडलं. दहा आठवडे, जवळपास १६ हजार किलोमीटर, पन्नासहून जास्त हॉस्पिटलं. टांगानिका, ऱ्होडेशिया, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका. मातीचे रस्ते. प्रत्येक ठिकाणी तोच अल्बम उघडायचा, तेच विचारायचं आणि वहीत लिहून पुढच्या गावाला लागायचं. आज यासाठी एखादा ऑनलाइन फॉर्म पुरेसा झाला असता असं वाटेल. पण फॉर्म भरणाऱ्याने पेशंट ओळखला पाहिजे ना! समोर बसून फोटो दाखवल्यावरच कुणाला तरी चार वर्षांपूर्वीचं एखादं मूल आठवायचं.

वहीतून निघालं ते असं : विषुववृत्ताजवळ साधारण ५ हजार फुटांच्या वर हा आजार नाही. दक्षिणेकडे जावं तशी ही उंचीची रेषा खाली खाली येते आणि शेवटी समुद्रसपाटीजवळ पोहोचते. एंटेबीच्या व्हायरस संशोधन संस्थेचे ॲलेक्झांडर हॅडो यांनी यातली मेख ओळखली. उंची महत्त्वाची नव्हती, तापमान महत्त्वाचं होतं. जिथे पारा साधारण १६ अंशांच्या खाली जातो तिथे हा आजार नाही, आणि जिथे पाऊस अगदी कमी तिथेही नाही. उबदार, ओलसर प्रदेश म्हणजे डास. डास पसरवतो म्हणजे व्हायरस असणार, असा कयास झाला.

हा कयास अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. नकाशा मात्र पूर्ण बरोबर होता. तो कसा, ते पुढे येईलच.

या सफारीच्या काही महिने आधी, २२ मार्च १९६१ ला, बर्किटांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात एक व्याख्यान दिलं होतं. श्रोत्यांमध्ये त्याच हॉस्पिटलचे तरुण पॅथॉलॉजिस्ट अँथनी एपस्टीन होते. ते कोंबड्यांमध्ये कॅन्सर करणाऱ्या व्हायरसवर काम करत होते. माणसाच्या कॅन्सरमागेही व्हायरस असू शकतो ही कल्पना त्या काळी बहुतेकांना खुळचट वाटायची. एपस्टीन व्याख्यान ऐकता ऐकताच अस्वस्थ झाले. थोड्याच दिवसांत ठरलं की बर्किटांनी कंपालाहून गाठींचे तुकडे रात्रीच्या विमानाने लंडनला पाठवायचे.

पुढची दोन वर्षं हाती काही लागलं नाही. मग डिसेंबर १९६३ मध्ये एक विमान धुक्यामुळे लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. नमुना उशिरा पोहोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. बॅक्टेरिया वाढले, फेकून द्या, असं कुणीही म्हटलं असतं. एपस्टीननी एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. बॅक्टेरिया नव्हतेच. प्रवासात हेलकावे खाऊन गाठीच्या पेशी सुट्या झाल्या होत्या आणि त्या तरंगत, जिवंत होत्या. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या जबड्यातल्या पेशी. त्या वाढवल्या गेल्या आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात व्हायरस दिसला. किरणांनी नमुना जळून जाईल या भीतीने एपस्टीननी यंत्र बंद केलं आणि बाहेर बर्फात एक चक्कर मारून आले. मग परत येऊन पाहिलं. होता तिथेच. मार्चमध्ये एपस्टीन, बर्ट ॲकाँग आणि इव्होन बार यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. माणसातल्या कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला व्हायरस. त्या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव मात्र या गोष्टीत कुणी सांगत नाही.

लवकरच कळलं की हा व्हायरस आफ्रिकेपुरता नाही, तो सगळीकडे आहे. डासाने पसरत नाही, लाळेतून पसरतो. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो आहे, तुमच्या-माझ्याही असण्याची शक्यता दाट. एकदा शिरला की बी-लिम्फोसाइट पेशींत दबा धरून जन्मभर राहतो. टी-लिम्फोसाइट त्याच्यावर पहारा ठेवतात, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. मग आफ्रिकेच्या त्याच पट्ट्यात कॅन्सर का? कारण तिथे मलेरिया आहे. वर्षानुवर्षं मलेरिया होत राहिला की एकीकडे बी-पेशींना वाढायला चिथावणी मिळते आणि दुसरीकडे पहारा ढिला पडतो. अशा गर्दीत एखाद्या पेशीच्या गुणसूत्रांची चुकीची अदलाबदल झाली की कॅन्सर. डास होताच, फक्त तो दुसराच आजार आणत होता.

आता परत त्या ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाकडे चला. शरीराने नवा अवयव फेकून देऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं रोज द्यावी लागतात. ही औषधं नेमकं काय करतात? टी-पेशींना गप्प बसवतात. म्हणजे तोच पहारा. युगांडात जे मलेरियाने व्हायचं, ते इथे आपण स्वतः, नाइलाजाने, औषध देऊन करतो. मोठ्या माणसाची या व्हायरसशी जुनी ओळख असते. लहान मुलाची अनेकदा नसते. व्हायरस त्याला पहिल्यांदाच भेटतो, कधी दात्याच्या अवयवातूनच येतो आणि तेव्हा दारावर कुणीच नसतं. म्हणून पीटीएलडीचा धोका मुलांना जास्त, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि आतड्याचं ट्रान्सप्लांट असेल तर लिव्हर-किडनीपेक्षा कितीतरी जास्त.

बर्किटांकडे सीटी नव्हता. सीटीने पहिला पेशंट तपासला गेला तोच मुळी १९७१ मध्ये. त्यांच्याकडे होती बोटं, कॅमेरा आणि साधा एक्स-रे. या आजारात जबड्याच्या एक्स-रेवर दातांच्या मुळांभोवतीची बारीक पांढरी रेघ पुसली जाते, सूज दिसण्याआधीसुद्धा. पण एकाच मुलाचा जबडा, पोट, किडनी सगळं एकत्र बघायचं, ही जी सवय त्यांनी लावली, तीच पीटीएलडीच्या स्कॅनिंगमध्ये लागते. कारण हा आजार लिम्फ नोड्समध्येच बसून राहत नाही. लिव्हर, आतडी, फुप्फुसं, टॉन्सिल, मेंदू, कुठेही निघतो.

मुलांमध्ये सुरुवात बहुधा सोनोग्राफीने होते. रेडिएशन नाही, भूल लागत नाही, पलंगाजवळ मशीन आणता येतं. नव्या लिव्हरच्या दाराशी, जिथे रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथे काळपट गाठ दिसली की कान टवकारले जातात. सीटीवर आतड्याची भिंत जाड झालेली दिसते, फुप्फुसात गोल ठिपके दिसतात. मेंदूसाठी एमआरआय. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात, भुकेल्या पेशी ते ओढून घेतात आणि चमकतात. यात गोची अशी की मुलाचा मेंदू, टॉन्सिल, छातीतली थायमस ग्रंथी, थंडी वाजली तर मानेजवळची चरबीसुद्धा चमकते. इन्फेक्शनही चमकतं. आपल्याकडे तर टीबीच्या गाठी आणि या गाठी स्कॅनवर जुळ्या भावंडांसारख्या दिसू शकतात. उपचार मात्र एकदम उलटे. म्हणून स्कॅनचं काम जागा दाखवण्याचं, शेवटचा निकाल सुई घालून तुकडा काढल्यावरच. आणि लहान जिवाला आयुष्यभरात किती रेडिएशन जाईल, हा हिशेब प्रत्येक स्कॅनच्या वेळी करावा लागतो.

उपचारातली पहिली पायरी ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो : अवयव टिकवणारं औषधच कमी करा. पहारा परत उभा राहू दे. १९८४ मध्ये अमेरिकेतले ट्रान्सप्लांट सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या टीमने लॅन्सेटमध्ये दाखवलं की एवढ्यानेही काही गाठी विरघळतात. पण औषध कमी केलं की अवयव जाण्याची भीती. तिथेच रिटक्सिमॅब किंवा केमो येतं. कुठे थांबायचं, हे ठरवायला परत स्कॅन.

केमोची पायवाटही बर्किटांनीच तुडवलेली. कंपालात रेडिएशनची सोय नव्हती, सर्जरीने काही साधत नव्हतं. मग बाहेरून मिळालेली नवी औषधं त्यांनी मुलांना देऊन पाहिली. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड. कधी कधी एक-दोन डोसांत अख्खा चेहरा पूर्ववत व्हायचा. नुसत्या औषधांनी बरा होऊ शकणाऱ्या पहिल्या काही कॅन्सरमध्ये याची गणना होते. तरी आज श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं वाचतात आणि ज्या प्रदेशात हा आजार सापडला, तिथे त्याहून खूप कमी. औषधं अपुरी, हॉस्पिटल लांब, निदान उशिरा.

१९६४ मध्ये बर्किटांनी सर्जरी सोडली आणि १९६६ मध्ये ते इंग्लंडला परतले. पुढे ते वेगळ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध झाले : फायबर. आफ्रिकेत बद्धकोष्ठ, मूळव्याध, आतड्याचे आजार कमी का, हे शोधताना त्यांनी कोंड्याचा आणि भाजीपाल्याचा इतका प्रचार केला की व्याख्यानांत शौचाच्या स्लाइड दाखवायलाही ते लाजायचे नाहीत. ट्रॉवेल, ज्यांनी १९५७ मध्ये त्यांना त्या मुलाच्या खाटेपाशी नेलं होतं, ते या कामातही सोबत होते. १९७२ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि लास्कर पुरस्कार मिळाला. २३ मार्च १९९३ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी बर्किट गेले.

पीटीएलडीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेला की तो त्याला ठरलेल्या प्रकारांत बसवतो. साधी वाढ, मिश्र वाढ, एकाच साच्याच्या पेशींची वाढ. या शेवटच्या गटात कधी कधी चांदण्यांच्या आकाशासारखं तेच जुनं दृश्य दिसतं. मग ट्रान्सप्लांट झालेल्या त्या मुलाच्या रिपोर्टवर निदानाच्या रकान्यात लिहिलं जातं : बर्किट लिम्फोमा.